काळजी करणं, घेणं, वाहणं

आजी रोज दिवेलागणीला देवापुढे उभी राहायची आणि घरातल्या एकेकाचं नाव घ्यायची. नुसतं नाव नाही, नावाबरोबर त्याची अडचणही. थोरल्याचं दुकान. धाकटीचं बाळंतपण. मधूचा गणिताचा पेपर. विहिरीचं पाणी. गाईचा सुजलेला सड. यादी संपली की हात जोडून म्हणायची, "आता तुझं तू बघ बाबा." मग गुडघ्यावर हात टेकत स्वयंपाकघरात जायची आणि दुसऱ्या दिवशीच्या उसळीची मटकी भिजत घालायची. त्या रात्री ती यादी पुन्हा तिच्या तोंडी यायची नाही. बाबा रात्रीच्या एसटीने उशिरा यायचे असले की त्यांचं ताट वाढून, वर दुसरं ताट पालथं घालून, शेजारी भरलेला तांब्या ठेवून ती आडवी व्हायची. पाचव्या मिनिटाला झोपलेली असायची. आई मात्र दाराकडे कान लावून जागी. मला तेव्हा वाटायचं, आजीला बाबांची काळजीच नाही. त्या झाकलेल्या ताटाकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं.

मराठीत 'काळजी' हा शब्द तीन क्रियापदांबरोबर तीन वेगवेगळी कामं करतो. काळजी करणं म्हणजे तेच ते मनात घोळवत बसणं. काळजी घेणं म्हणजे ताट झाकून ठेवणं, औषधाची वेळ पाळणं, पोरगं बाहेर निघालं की छत्री हातात देणं. आणि तिसरं, काळजी वाहणं. हे 'वाहणं' फार खोल आहे. ओझंही वाहतात आणि देवाला फूलही वाहतात. खांद्यावर घेणं आणि कोणाच्या तरी पायाशी ठेवून मोकळं होणं, दोन्ही एकाच क्रियापदात. निवडणुकीनंतर नवं मंत्रिमंडळ येईपर्यंत जे राहतं त्याला आपण काळजीवाहू सरकार म्हणतो: कारभार तर चालवायचा, पण खुर्ची आपली नाही हे ओळखून. रोजच्या विवंचनेवर आपल्याकडच्या अध्यात्माने गेल्या सात-आठशे वर्षांत जे जे सांगितलं, ते मला या तीन क्रियापदांमधलंच दिसतं. करणं सोडा यावर सगळ्यांचं एकमत आहे. घेणं सोडू नका, हे काहींनी ठासून सांगितलं, काही विसरले. आणि वाहायची ती कोणी, कोणाच्या खांद्यावर, हा खरा वादाचा मुद्दा आहे. हा आढावा मुख्यतः त्या मुद्द्याचा.

सुरुवात गीतेच्या नवव्या अध्यायातल्या एका शब्दापासून करावी लागते: योगक्षेम. जुन्या भाष्यकारांनी तो उलगडून ठेवला आहे. जे मिळालेलं नाही ते मिळणं हा योग, आणि जे मिळालं आहे ते टिकणं हा क्षेम. आपल्या रात्रीच्या तळमळीची वाटणी करून पाहिली तर ती बहुतेक या दोन खणांत बसते. मुलाला नोकरी लागेल का, हा योग. लागलेली राहील का, हा क्षेम. अनन्य होऊन आलेल्याचा हा भार आपण वाहतो असं भगवंत तिथे सांगतात, आणि तिथलंही क्रियापद 'वाहणं' हेच आहे. नेवाशात शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानदेवांनी या ठिकाणी पंख न फुटलेल्या पिलांसाठी जगणाऱ्या पक्षिणीचा दृष्टान्त दिला. लगोलग आईचाही दिला, स्वतःची तहानभूक विसरून तान्ह्याचं बघणाऱ्या आईचा. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ज्ञानदेवांचा देव पिलाची काळजी करत बसत नाही. तो चारा आणतो. पिलाच्या बाजूने निश्चिंती आहे, पण पक्षिणीच्या बाजूने दिवसभराची धावपळ आहे. निश्चिंती फुकट येत नसते. कोणीतरी ती मिळवून देत असतं.

हाच शब्द पुढे अगदी व्यवहाराच्या जागी जाऊन बसला. 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं. त्याच्या बोधवाक्यात गीतेतलं तेच वचन आहे आणि मुंबईतल्या मुख्य कार्यालयाच्या इमारतीचं नावही 'योगक्षेम'. काही भाविकांना हे खटकतं: देवाचं वचन विमा कंपनीने घ्यावं का? मला ते योग्य वाटतं. ज्या घरातला कमावता माणूस अचानक गेला, त्या घराच्या दृष्टीने हजारो अनोळखी लोकांनी भरलेल्या हप्त्यांतून आलेला पैसा हाच योगक्षेम असतो. काळजी एकट्याच्या डोक्यावरून काढून पुष्कळांच्या खांद्यांवर वाटणं हे काम धर्माच्या विरोधातलं नाही. तेच काम दुसऱ्या हाताने केलेलं आहे.

तुकोबांच्या आयुष्याकडे येताना मी दर वेळी थोडा थबकतो, कारण तिथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. देहूचं महाजनकीचं घर, दुकान, शेती, सावकारी. मग 1630 सालचा तो भयंकर दुष्काळ. पहिली पत्नी रखमा अन्नाविना गेली, मुलगा संतू गेला, गुरंढोरं गेली, धंदा बसला. भामनाथाच्या डोंगरावरून परतल्यावर त्यांनी जे केलं ते महीपतींच्या चरित्रामुळे घरोघर ठाऊक आहे: लोकांकडून येणं असलेल्या रकमांची खतं काढली आणि इंद्रायणीत बुडवली. या गोष्टीतला एक तपशील आपण भराभर ओलांडून जातो. सगळी खतं त्यांनी बुडवली नाहीत. धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याचे अर्धे कागद त्याला देऊन टाकले, आणि फक्त आपल्या वाट्याचे पाण्यात सोडले. आपल्या वैराग्याची किंमत भावाच्या संसाराने मोजावी, हे त्यांना मान्य नव्हतं. आणि दुसरं असं की ते कागद बुडाले तेव्हा एकट्या तुकोबांची काळजी गेली नाही. ज्यांच्या नावावर कर्ज होतं अशा किती घरांत त्या रात्री लोक सुखाने झोपले असतील! आपलं ओझं टाकताना दुसऱ्याचंही उतरलं. निश्चिंतीची याहून चोख कसोटी मला माहीत नाही.

त्यानंतर दोन शतकांनी त्याच पुणे जिल्ह्यात कर्जाच्या कागदांचं दुसरं प्रकरण घडलं. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली, खतं हिसकावून घेतली आणि जाळली. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात गेले आणि 1879 मध्ये सरकारला शेतकऱ्यांना कर्जातून संरक्षण देणारा कायदा करावा लागला. इंद्रायणीत बुडालेला कागद आणि सुप्यात जळलेला कागद मी नेहमी शेजारी-शेजारी ठेवतो. देणेकऱ्याची काळजी घालवायची तर एकतर सावकाराला तुकोबा व्हावं लागतं, नाहीतर कायदा तरी व्हावा लागतो. कर्जाखाली पिचलेल्या माणसाला 'तू फक्त नाम घे, चिंता सोड' असं सांगणं, तेही ज्याच्याकडे त्याचं खत आहे त्याने सांगणं, याला मी अध्यात्म म्हणणार नाही. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये पुरा केलेला 'शेतकऱ्याचा असूड' याच ठिकाणी वळ उठवतो. शेतकऱ्याच्या विवंचनेची कारणं त्यांनी त्याच्या प्रारब्धात शोधली नाहीत. कचेरीत, सावकाराच्या वहीत आणि भटजीच्या दक्षिणेत शोधली.

आता घरातलीच एक गोष्ट, जी संतचरित्रं सांगताना बहुतेक वेळा हसण्यावारी नेली जाते. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर असायचे तेव्हा भाकरी घेऊन डोंगर चढणारी त्यांची दुसरी पत्नी जिजाई होती. तिला कीर्तनकारांनी कजाग म्हणून रंगवलं. पण चूल कोणाची पेटायची? मुलं कोणाकडे भूक लागली म्हणून यायची? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या वर्षांत प्रसिद्ध झाली, त्यांत हा प्रश्न घरातल्या बाईच्याच तोंडून मोकळेपणाने बाहेर आला. रेव्हरंड ना. वा. टिळक मोठे कवी, मोठे भक्त, हातात पैसा टिकू न देणारे. 1895 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाच वर्षांनी आपल्या मनाने. उद्याची चिंता करू नये ही शिकवण टिळक अक्षरशः जगले. त्यांच्या त्या उद्याची तजवीज लक्ष्मीबाई करत राहिल्या. ही बाई नवऱ्यावर जीव लावते, त्याच्या श्रद्धेचा मान ठेवते, आणि तरीही सगळा हिशेब वाचकासमोर मांडते. मला वाटतं, एका माणसाच्या निश्चिंतीचं वजन दुसऱ्याच्या डोक्यावर कसं जातं हे दाखवणारं याहून प्रांजळ पुस्तक मराठीत नाही. म्हणून कोणी 'मी सगळं देवावर सोडलंय' असं सांगितलं की मी मनातल्या मनात त्याच्या घरातल्या बाईकडे बघतो. तीही तितकीच निवांत दिसली तर ते खरं.

बायकांनी स्वतः या ओझ्याचं काय केलं, हेही पाहायला हवं. जनाबाईचा विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, शेणी वेचतो. इथे देवावर भार टाकून मोकळं होणं नाही. देवालाच कामाला बसवणं आहे. खेड्यापाड्यांत पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांनी पिढ्यानुपिढ्या हेच केलं. भाऊ आला नाही, लेक सासरी कशी असेल, पाऊस लांबला, या सगळ्या गोष्टी ओव्यांतून बाहेर यायच्या, दळण संपायचं आणि मन थोडं हलकं व्हायचं. हेमा राईरकर आणि गी पॉतवॅं यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतला फार मोठा भाग काळजीचाच आहे. पण कुढत बसलेल्या काळजीचा नव्हे. हाताला काम असताना, शेजारी दुसरी बाई खुंट्याला हात लावून बसलेली असताना मोठ्याने गायलेल्या काळजीचा.

मोठ्याने बोलण्याचं असंच एक रूप कोकणात आहे. देवळात गाऱ्हाणं घालतात. सिंधुदुर्गातल्या एखाद्या गावात गेलात तर मानकरी किंवा गुरव देवासमोर उभा राहून गावाच्या अडचणी ओळीने सांगतो. कोणाचं आजारपण, कोणाची भावकीतली कुरबुर, मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची सुखरूपता, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेले सगळे एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. माझ्या मते गाऱ्हाण्याची ताकद त्या सामुदायिक होकारात आहे. ज्याचं मूल आजारी आहे त्याची काळजी क्षणभर पन्नास जणांच्या तोंडून जाते. ते पन्नास जण उद्या त्याला रस्त्यात भेटणार असतात, आणि मुलाची चौकशी केल्यावाचून पुढे जाणार नसतात. नवसाबद्दल मात्र मला असं म्हणता येत नाही. नवसात अमुक झालं तर तमुक देईन असा सौदा असतो. तो फिटेपर्यंत मूळच्या काळजीवर फेडण्याची आणखी एक काळजी बसते, आणि राहून गेला तर भीती. तुकोबांनी नवसावर कडक टीका केली ती उगीच नाही. आणि ही भीती विकून जगणारे बाबा-बुवा आजही आहेत. नरेंद्र दाभोलकर अठरा वर्षं अशांना आळा घालणाऱ्या ज्या कायद्यासाठी झटले, तो 2013 मध्ये, त्यांच्या खुनानंतर, झाला. काळजीने खचलेला माणूस किती सहज लुबाडला जातो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

समर्थ रामदासांची एक गोष्ट परंपरेने सांगतात. लहानगा नारायण कुठेच सापडेना. शोधता शोधता अंधाऱ्या खोलीत बसलेला दिसला. आईने विचारलं, काय करत होतास? तर म्हणे, जगाची चिंता करत होतो. गोष्ट खरी असो वा रचलेली, ती समर्थांच्या वृत्तीला शोभते. घरच्या काळजीवर त्यांचा उपाय काळजी पुसून टाकण्याचा नाही. ती मोठी करण्याचा आहे. 'दासबोधा'च्या वीस दशकांत आणि दोनशे समासांत प्रयत्नाला त्यांनी देवाच्या जागी नेऊन बसवलं, आणि आळस करून देवाला बोल लावणाऱ्यांना झोडपलं. ज्याला गावाची, मुलखाची चिंता लागली त्याच्या मनात आपल्या लहानसहान मानापमानाला जागा उरत नाही, हा अनुभव सार्वजनिक कामात बुडालेल्या कोणालाही विचारा.

लोकमान्य टिळक त्याच वाटेचे. सहा वर्षांची शिक्षा घेऊन ते मंडालेच्या तुरुंगात गेले तेव्हा पन्नाशी उलटलेली, मधुमेह जडलेला, घरी पत्नी सत्यभामाबाई आजारी. 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांनी तिथे 'गीतारहस्य' लिहिलं. शाईची परवानगी नव्हती म्हणून पेन्सिलीने, आणि पानं मोजून बांधलेल्या वह्यांत. पुढच्याच वर्षी सत्यभामाबाई गेल्या. त्यांचं अखेरचं दर्शनही टिळकांना झालं नाही. 1914 मध्ये सुटका झाली तेव्हा वह्या सरकारने ठेवून घेतल्या. त्या परत मिळतील की नाही म्हणून मित्रमंडळी हवालदिल. टिळकांनी त्यांना सांगितलं म्हणतात, की वह्या त्यांच्याकडे असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, तो पुन्हा लिहून काढीन. पुढे वह्या मिळाल्या आणि 1915 मध्ये ग्रंथ छापून झाला. फलाची आसक्ती सोडणं म्हणजे काय, हे त्या ग्रंथाच्या शेकडो पानांपेक्षा मला या एका उत्तरात जास्त कळतं. काम त्यांनी सोडलं नव्हतं. ते पुन्हा पहिल्यापासून करायची तयारी होती, म्हणून ते हरवण्याची धास्ती नव्हती.

गोंदवलेकर महाराजांची (1845–1913) वाट यापेक्षा मऊ. माण तालुक्यासारख्या कायम दुष्काळी मुलखात बसून त्यांनी प्रपंची माणसाला सांगितलं की काळजीचं मूळ 'मी करतो' या भावनेत आहे. कर्तव्य पुरतं करा, कर्तेपण रामाला द्या, आणि नाम चालू ठेवा. त्यांच्या प्रवचनांचं पुस्तक वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक अशा बेताने लावलेलं आहे, आणि किती घरांत ते सकाळच्या चहाआधी उघडलं जातं! ते घरात टिकलं याचं कारण मला त्या आखणीत दिसतं. एका दिवसाला एकच पान. उद्याचं उद्या.

मंडाले म्हटलं की मला आणखी एक माणूस आठवतो. टिळक तिथून सुटल्यावर दहा वर्षांनी, 1924 मध्ये, त्याच गावात एका मारवाडी व्यापारी कुटुंबात सत्यनारायण गोयंका जन्मले. तरुणपणीच व्यापारात मोठं नाव, आणि त्याबरोबर अर्धशिशी, इतकी भयंकर की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. 1955 मध्ये ते रंगूनला बौद्ध ध्यान शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे बर्मा सरकारचे महालेखापाल, म्हणजे दिवसभर आकड्यांत वावरणारा माणूस. केवळ डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, असं त्यांनी गोयंकांना आधी सांगितलं. गोयंका 1969 मध्ये भारतात आले, आणि 1976 पासून इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र सुरू आहे. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते, बोलणं पूर्ण बंद, पहिले तीन दिवस नुसता नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास. मी तिथे गेलो तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी उठून घरी जावंसं वाटलं होतं. घरचा गॅस बंद केला का, बँकेचा हप्ता गेला असेल का, एकेक विचार असा यायचा की हा सुटला तर अनर्थच होईल. पाचव्या-सहाव्या दिवशी ध्यानात आलं की काळजी आली की पोटात वर कुठेतरी एक गोळा येतो, मग छाती आवळते, आणि त्याकडे नुसतं बघत राहिलं तर तो गोळा सैल होतो. मी काहीच केलेलं नसतं. इथे देव नाही, शरणागती नाही, भार कोणाकडे सोपवणं नाही. 'काळजी वाहणं' याचा तिसराच अर्थ मला तिथे मिळाला: नदी वाहते तशी ती वाहून जाते.

पण बौद्ध विचाराचा आढावा इथेच थांबवला तर तो महाराष्ट्रापुरता तरी अपुरा राहील. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात, आजच्या दीक्षाभूमीवर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्म स्वीकारला, आणि त्यांच्या निधनानंतर 1957 मध्ये 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकातच ते विचारतात की चार आर्यसत्यं बुद्धाच्या मूळ शिकवणीतली आहेत का, की मागाहून आली. कारण जगणंच दुःख असेल तर माणसाला आशा कसली? बाबासाहेबांच्या दृष्टीने दुःखाचा मोठा भाग माणसाने माणसाला दिलेला आहे, आणि तो दूर करणं हे धम्माचं काम आहे. पाणवठ्यावर आज आपल्याला पाणी भरू देतील का, या काळजीवर श्वासाकडे बघणं हा उपाय नव्हे. त्यासाठी महाडला 1927 मध्ये चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यावं लागलं. धम्मगिरी आणि दीक्षाभूमी यांत एकाचीच निवड करावी असं मला वाटत नाही. पण दीक्षाभूमीचा प्रश्न विसरून धम्मगिरीला जाणारा माणूस अर्धाच निश्चिंत होऊन परततो, असं माझं मत आहे.

मानसशास्त्र या वाटेवर उशिरा आलं, तरी त्याने काही गोष्टी नेमक्या सांगितल्या. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तिचा धागा संतविचाराशी जोडून दाखवला. एलिस भावनांच्या दोन जाती करतात: अमुक व्हावं अशी माझी इच्छा आहे, यातून येणारी आस्था, आणि अमुक झालंच पाहिजे, या हट्टातून येणारी चिंता. पहिली माणसाला हलवते, दुसरी जागच्या जागी गोठवते. काळजी घेणं आणि काळजी करणं यांतला फरक मला इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणी सांगितला नव्हता. अमेरिकेतल्या टॉमस बोर्कोवेक यांनी 1983 मध्ये आणखी साधा उपाय तपासून पाहिला. काळजीसाठी रोज एक ठरावीक जागा आणि अर्ध्या तासाची वेळ राखायची. दिवसभरात कधीही काळजी आली की तिला सांगायचं, तुझी वेळ आली की ये. ज्यांनी हे केलं त्यांची काळजी कमी झाली. हे वाचताना मला देवापुढे उभी असलेली आजी दिसली. तिची जागा ठरलेली होती, वेळ ठरलेली होती.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. झोप आठवडेच्या आठवडे उडालेली, छाती धडधडते, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, अशा माणसाला भक्ती कमी पडते म्हणून असं होतंय असं कोणी सांगू नये. तो आजार आहे, त्याला डॉक्टर आहेत, औषधं आहेत. 2022 पासून 14416 या क्रमांकावर सरकारची टेली-मानस सेवा विनामूल्य मिळते, मराठीतही मिळते. गोळी घेणारा माणूस नाम घेऊ शकतो, आणि नाम घेणाऱ्यानेही गोळी घ्यावी.

या सगळ्या वाटा एकत्र कुठे दिसतात, असं विचाराल तर मी वारीत म्हणेन. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते ती आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. या दिवसांत पेरणीचा भरवसा नसतो, पाऊस कधी येतो कधी दडी मारतो, आणि शेतकरी शेत मागे ठेवून चालत असतो. त्याला तसं चालता येतं, कारण दिंडीचा ट्रक तंबू, भांडी, शिधा घेऊन पुढच्या मुक्कामाला पोचलेला असतो, आणि घरी भावजय किंवा शेजारी शेताकडे बघतो. त्यातही मला सगळ्यांत आवडते ती संध्याकाळची समाजआरती. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा एकच कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतो, आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातात, म्हणणं ऐकतात, निवाडा करतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो. मगच आरती. आजचं गाऱ्हाणं आजच ऐकलं गेलं, या समाधानाने माणसं तंबूत जाऊन पाठ टेकतात.

आजी शेवटी आठ दिवस रुग्णालयात होती. देव्हारा नव्हता, उभं राहता येत नव्हतं. दिवेलागण झाली की ती अस्वस्थ व्हायची, ओठ हलायचे, पण नावं आठवायची नाहीत. तिसऱ्या दिवशी मी तिचा हात धरून म्हटलं, "आजी, आज मी म्हणू का?" तिने मान हलवली. मी सुरुवात केली: थोरल्या काकांचं दुकान, आत्याचे गुडघे, मधूदादाची बदली, आईचा चष्मा. तिने माझा हात दाबून मला थांबवलं. म्हणाली, "आधी त्या नर्सबाईचं घे. रात्रभर जागी असते बिचारी. तिचं पोर लहान आहे घरी."